ओढ्यातली मुरी की वाळूतली मुरी?

दिवाळीच्या सुमारास ओढ्यांचं पाणी निवळलं की ओळखीपाळखीतून हा प्रश्न येतोच: माशांच्या टाकीत आपल्याकडच्या मुऱ्या (तळाशी राहणारे छोटे, मिशांचे मासे, इंग्रजीत लोच) ठेवायच्या आहेत, कुठल्या आणू? टाकी कशी मुरवायची, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कसं घालवायचं, हे तुम्हाला येतं असं धरतो. मी दोन्ही पाळल्या आहेत. त्यातली एकच आता माझ्याकडे आहे, त्यामुळे माझा कल कुणीकडे आहे ते लपणार नाही.

आधी ओळख पटवून घ्या, कारण घमेल्यात दोन्ही सारख्याच वळवळतात. वाळूतल्या मुरीच्या डोळ्याखाली दुफाटा काटा असतो. एरवी तो कातडीच्या खाचेत मिटलेला असतो, मासा घाबरला की उभा राहतो. हा काटा दिसला की ती शास्त्रीय नावाने लेपिडोसेफॅलिक्थिस, आपल्या नाशिककडे बहुधा त्यातली थर्मॅलिस जात. काटा नसेल, शेपटी गोलसर असेल आणि मिशांखेरीज नाकपुडीलाही एक मिशीसारखा धागा असेल, तर ती ओढ्यातली इंडोरिओनेक्टिस. अंगावर उभे पट्टे आणि शेपटीला किंचित खाच असेल तर शिस्टुरा नावाची दुसरी मुरी निघण्याची शक्यता जास्त. पाळण्यापुरती ती ओढ्यातलीच समजा.

ओढ्यातलीच्या जातीवर मात्र पैज लावू नका. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डेने 1872 मध्ये पुण्याच्या माशांवरून इव्हेझार्डी ही जात नोंदवली आणि पुढे सह्याद्रीत मिळालेल्या बहुतेक अशा मुऱ्यांना तेच नाव चिकटलं. 2021 मध्ये गोदावरीच्या खोऱ्यातल्या मुळा नदीतली मुरी वेगळी ठरली, तिला नीलेशी हे नाव मिळालं. म्हणून मी वहीत जातीच्या आधी ओढ्याचं आणि जवळच्या गावाचं नाव लिहितो. त्र्यंबकच्या डोंगरांत एका अंगाचं पाणी गोदावरीतून पूर्वेला जातं, दुसऱ्या अंगाचं वैतरणेतून पश्चिमेला. दोन्हीकडच्या मुऱ्या एका टाकीत घालू नयेत, आणि टाकीत वाढलेली मुरी कुठल्याही ओढ्यात सोडू तर अजिबात नये.

दिसायला ओढ्यातलीच उजवी, त्यात वाद नाही. पिवळट अंगावर काळपट नक्षी, आणि दोन माशांची नक्षी सहसा एकसारखी नसते. दगडाला पोट टेकवून, धारेकडे तोंड करून बसते. खाणं पडलं की एका दगडावरून दुसऱ्यावर झेपावते. त्र्यंबक-इगतपुरीकडे गुडघाभर पाण्यात दगड हलकेच उचलायचा, खालच्या बाजूला जाळी धरायची, की एखादी आत येते. दगड होता तसा परत ठेवायचा. आणायला सोपी, बघायला सुंदर. दिवाळी ते होळी इतकं सगळं सुरळीत चालतं की दुसरी कुठली मुरी हवीच कशाला, असं वाटतं.

माझं घोडं अडलं ते पंपावर. या मुरीला वाहतं, हवा मिसळलेलं पाणी लागतं, आणि घरात ते काम पंपच करतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा दुपारी टाकीचं पाणी तिशीच्या पुढे जातं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. अशातच संध्याकाळी वळवाचा वारा सुटतो आणि लाईट जाते. मी ऑक्सिजन कधी मोजला नाही, पण मुऱ्या दगड सोडून पाण्याच्या वरच्या काठाशी काचेला चिकटल्या आणि कल्ले भराभर हलू लागले, की ओळखायचं. मग बॅटरीवरचा एअर पंप शोधा, त्याचे सेल उतरलेले असतात. गोठवलेल्या पाण्याची बाटली टाकीत सोडा. तेही पुरलं नाही तर तांब्याने पाणी उचलून वरून धार धरत बसा. पंखा थांबला म्हणून घरचे जागे व्हायचे, मी पंपाची घरघर थांबली म्हणून जागा व्हायचो. लग्नसराईत दोन दिवस गावी जायचं तर शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि सूचनांची यादी. सगळ्यांचं असंच होईल असं म्हणत नाही. पण मे महिना सरत आला की हौस कमी आणि पहारा जास्त, असं माझं तरी व्हायला लागलं होतं.

वाळूतल्या मुरीच्या बाबतीत हा पहारा जवळजवळ संपतो. पाण्यातली हवा कमी पडली की ती सरळ वर येते, तोंडाने हवेचा घोट घेते आणि खाली जाते. ती हवा आतड्यातून फिरते, तिथे ऑक्सिजन शोषला जातो आणि उरलेला बुडबुडा मागून बाहेर पडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं होतं. आता लाईट गेल्यावर काळोखात वर-खाली येरझाऱ्या दिसल्या की मी निवांत आडवा होतो. उन्हाचंही तिला फारसं वावडं दिसत नाही. 1846 मध्ये या जातीची पहिली नोंद झाली तीच मुळी श्रीलंकेतल्या कन्निया इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून. म्हणून टाकी उन्हात ठेवायची असं नव्हे. पण बाटल्या गोठवायचा उद्योग माझ्या घरात बंद झाला. थंडीतही हीटर कधी लावला नाही, फक्त जेवण निम्म्यावर येतं.

तिच्या खोड्याही सांगायला हव्यात. दिवसभर ती दिसतच नाही. पाहुणे येतात, टाकीत डोकावतात आणि विचारतात, मासे कुठायत? नीट बघितलं तर वाळूतून दोन डोळे आणि नाकाचं टोक वर आलेलं असतं. दिवेलागणीला बाहेर पडते आणि तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून गाळत फिरते, तेवढीच तिची भेट. दुसरी खोडी जाळीची. पकडायला गेलं की डोळ्याखालचा काटा जाळीच्या विणीत अडकतो. ओढू नका, डोळ्याजवळ इजा होते. जाळी पाण्यात बुडवून धरायची, काटा मिटला की ती आपणहून सुटते. मी आता जाळीऐवजी चहाची मोठी प्लॅस्टिकची गाळणी नाहीतर सरळ वाटीच वापरतो. झाकण मात्र दोन्हींना हवंच. वायर जाते त्या फटीतूनही निसटतात.

दुकानातल्या पट्टेरी बोटियाबद्दलही विचारणा होते, तीही एक मुरीच. दिसते देखणी, दिवसा बागडतेही. पण बोटिया स्ट्रायाटा सह्याद्रीतच सापडणारी, निसर्गात धोक्यात आलेली जात आहे, आणि दुकानातली कुठल्या नदीतून उचलली ते दुकानदाराला सहसा सांगता येत नाही. मी त्या वाटेला गेलो नाही. काच साफ ठेवायला काचेला चिकटणारा सकरफिश घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा. आपल्या ओढ्यातला मळ्या मासा दगडावरचं शेवाळ खातो आणि टाकी फोडायच्या आकाराचा होत नाही. त्यालाही धार लागते, तेव्हा तो ओढ्यातल्या मुरीच्याच पंगतीचा.

वाळूतली मुरी आणायची तर दारणा नदीच्या किंवा वरच्या गोदावरीच्या उथळ, वाळूच्या काठाला बघा. नाशिक शहराच्या खालच्या अंगाचं पाणी त्या कामाचं राहिलेलं नाही. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे जाळी न्यायचीच नाही. चार-पाच पुरेत. नर-माद्या दोन्ही येऊ द्या. मादी अंगाने भरलेली असते, नराच्या छातीजवळच्या परांमध्ये (पोहण्याच्या पंखांमध्ये) काही काड्या जाड होऊन जुळलेल्या दिसतात. मार्चनंतर डोह आटतात आणि हवे तेवढे मासे ओंजळीत येतात, पण पुढच्या पावसात अंडी घालणारं बियाणं तेच असतं, म्हणून तेव्हा मी जात नाही. टाकीत वाळू बारीक, टोकदार नसलेली हवी. बांधकामावरची घेतलीत तर चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. खडीत ती बिचारी मिशा झिजवून घेते.

दोन्ही एकत्र ठेवता येतील का? मी करून बघितलं. ओढ्यातलीला पुरेल एवढी धार सोडली की वाळू एका कोपऱ्यात ढिगाने जमते आणि फिल्टरमध्ये जाऊन पंप खरखरायला लागतो. धार कमी केली तर पुन्हा मे महिन्याची काळजी. घरात इन्व्हर्टर असेल आणि जागाही असेल तर दोन टाक्या करा, ओढ्यातलीचा पंप इन्व्हर्टरवर घ्या. एकाच टाकीची सोय असेल तर मी वाळू धुवायला घेईन.