अ‍ॅम्बेसेडरची थरथर आणि माझे गेलेले ३१,४०० रुपये

गाडीच्या शाफ्टला हात लावला तेव्हा बोटाला काळा रंग लागला. ताजा, ओला. "नवा कोरा टाकला भाऊ," असं गॅरेजवाला सांगत होता आणि मी मुकाट्यानं बोट चिंधीला पुसलं. नव्या शाफ्टला आदल्या रात्री रंग कशाला मारावा लागतो, हे तिथंच विचारायला हवं होतं. नागपुरात जुन्या गाड्या हौसेनं सांभाळणारे मोजके, आणि आपली हौस किती ताणता येते हे अशा लोकांना बरोबर ठाऊक असतं. म्हणून सगळं लिहून टाकतोय.

गाडी १९७८ची मार्क थ्री अ‍ॅम्बेसेडर, बाबांनी घेतलेली. स्टिअरिंगखाली हँडल गिअर, मागं स्प्रिंगचे पाटे, गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंत गेलेला, मागची चाकं फिरवणारा लांब पाइप म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४मध्ये बंद पडला. आता सुटे भाग ओळखीपाळखीनंच मिळतात. थरथर पहिल्यांदा जाणवली वर्धा रोडवर. खापरी मागं टाकून काटा साठकडे सरकला की आरशात मागून येणारा एक ट्रक दोन दिसायचा. पायाखालचा पत्रा घर्रर्र करायचा. स्टिअरिंग मात्र शांत.

चाकं बॅलन्स केली, दोन टायर पुढं-मागं केले. फरक शून्य. मग एकानं या गॅरेजचं नाव सांगितलं. जुन्या गाड्यांचा स्पेशालिस्ट म्हणे. भिंतीवर फिएट, विलीज, अ‍ॅम्बेसेडरचे फोटो. गेल्या गेल्या तर्रीपोहे मागवले. बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "क्लच आहे भाऊ. तुम्ही काहून टेन्शन घेता?"

गाडी रस्त्यावर न नेता त्यानं हे निदान केलं, आणि मी ते मान्य केलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मजुरीसकट ९,८००. थरथर जशीच्या तशी. मग इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग, ४,६००. तरी तशीच. प्रत्येक वेळी तो एवढंच म्हणायचा, "एक गोष्ट तर क्लिअर झाली ना!" झाली खरी, पण माझ्या पैशानं.

आता कळतं, की क्लचचा संशय पाच मिनिटांत फुकटात फेडता आला असता. रिकाम्या, सरळ रस्त्यावर साठला थरथर पकडायची आणि गाडी न्यूट्रल करायची. चावी बंद करायची नाही, इंजिन नुसतं आयडलवर येऊ द्यायचं. इंजिन मंदावलं आणि थरथर तशीच राहिली, तर इंजिन-क्लच निर्दोष. मग तोच साठचा वेग तिसऱ्या गिअरात धरून पाहायचा. टॉपमध्ये होती तितकीच थरथर असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागं. चाक की शाफ्ट, हेही अंगाला कळतं. साठच्या वेगाला या गाडीचं चाक सेकंदाला साधारण आठ फेरे मारतं, आणि शाफ्ट त्याच्या चौपटीहून जास्त. म्हणून चाकाचा दोष धडधडतो आणि शाफ्टचा दोष घरघरतो. माझी गाडी पहिल्या दिवसापासून घरघरत होती. ऐकणाऱ्याला कळलं असतं. बहुधा त्यालाही कळलं होतं.

तिसऱ्या फेरीत त्यानं शाफ्ट काढला. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा कोनात वळू देणारा सांधा, हलवून दाखवला, तो खरंच ढिला होता. ग्रीसअभावी आतल्या बेअरिंगच्या सुया गंजून लाल भुकटी झालेली. इथं गोष्ट संपायला हवी होती, क्रॉस बदलला की झालं. पण तो म्हणाला, "पाइपच वाकला आहे. ओरिजिनल नवा मिळतो एका ठिकाणी, तुमच्यासाठी मागवतो." १४,५०० शाफ्टचे, २,५०० बसवायचे आणि 'मशीनवर बॅलन्सिंग'चे. मशीन मी पाहिलं नाही. जुना शाफ्ट मागितला तर उत्तर आलं, "भंगारात गेला ना भाऊ, काय करता त्याचं?" हिशेब सगळा कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं.

गाडी घेऊन निघालो आणि थरथर बदलली. आधी साठला यायची, आता चाळिसालाच, आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जास्त. फोन केला तर म्हणे नवा माल आहे, सेट व्हायला वेळ लागते. शाफ्ट म्हणजे काय चप्पल आहे, वापरून सैल व्हायला? पण मी दोन आठवडे थांबलो.

शेवटी एका ट्रकवाल्यानं वाडीत अमरावती रोडला नेलं, ट्रकांचे शाफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका लेथवाल्याकडे. त्यांनी आधी गाडी स्वतः चालवली. मग शाफ्ट उतरवून दोन खाचांच्या ठोकळ्यांवर आडवा ठेवला. पुढच्या योकच्या, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या तुकड्याच्या, दोन कानांवर गवंड्याची पाणसळ ठेवली आणि बुडबुडा मधे येईपर्यंत शाफ्ट फिरवला. नंतर तीच पाणसळ उचलून मागच्या योकवर ठेवली. बुडबुडा सरळ एका टोकाला जाऊन बसला.

"काका, हे असं चालतंच नाही," ते म्हणाले. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग एकसारखा राहत नाही, एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ती चूक पुसतो, पण दोन्ही योक एका रेषेत असले तरच. नाहीतर एकाची चूक दुसऱ्यात भर घालते. त्यांनी पॉलिश पेपर मारला. काळ्या रंगाखाली पाइपवर वेल्डिंगचं कडं निघालं. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा शाफ्ट कापून, जोडून, रंगवून दिलेला. बॅलन्सिंगसाठी लावतात तो वजनाचा छोटा तुकडा पाइपवर कुठंच डकवलेला नव्हता.

नवा पाइप, दोन क्रॉस, माझ्या डोळ्यांदेखत मशीनवर बॅलन्स, पक्कं बिल ४,२००. परत येताना आरशात ट्रक एकच दिसला.

तो रंगवलेला शाफ्ट घेऊन मी गॅरेजात गेलो. गॅरेजवाला म्हणाला, "हा मी दिलेलाच नाही." पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे मी वाचून गेलो होतो. पण माझ्या हातात होतं कॅलेंडरचं पान, त्यावर ना गॅरेजचं नाव, ना सही. वकील मित्र ते पान पाहून हसला. पैसे फोन-पेनं दिले असते तरी काही हाती राहिलं असतं, पण दोन हजारांच्या सवलतीच्या मोहात सगळी रोकड दिली.

हे सगळं बाबांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "शाफ्टवर टिंबं होती का?" त्यांनी फार पूर्वी गाडीचा मूळ शाफ्ट स्वतः उतरवला होता तेव्हा परत तसाच बसावा म्हणून मागच्या योकवर आणि तो जिथं धुऱ्याला जोडला जातो त्या फ्लँजवर पंचानं जोडीनं दोन-दोन टिंबं मारली होती. मी गाडीखाली जाऊन पाहिलं. फ्लँजवरची दोन टिंबं अजून तशीच आहेत. विदर्भात कुणी अलीकडे अ‍ॅम्बेसेडरचा जुना, 'अस्सल' शाफ्ट विकत घेतला असेल, तर मागच्या योकवर नजर टाका. टिंबं दिसली तर कळवा. शाफ्ट परत नको मला, फक्त तो कुणी आणि कितीला विकला ते सांगा.