छातीचा पट्टा, प्राणायाम आणि निसटलेला एक ठोका

नाडी मोजणारा छातीचा पट्टा अखेर गेला. त्यावर बसणारा पॉड, म्हणजे सेन्सरची डबी, ठणठणीत आहे, पण पट्ट्यातला रबरी इलेक्ट्रोड भेगाळलाय आणि शवासनातही नाडी मध्येच १९० वर उडते. कस्टमर केअरचं एकच पालुपद, सेल बदला. सेल बदलूनही तेच, आणि हाच पॉड दुसऱ्या पट्ट्यावर लावला की आकडे सरळ. तरी सुटा पट्टा मिळणार नाही म्हणे, अख्खा संच घ्या! टिचबटणांमधलं अंतर जुळत असेल तर दुसऱ्या कंपनीचा पट्टा लावून पाहा, संचावर पैसे घालू नका.

खरा राग पॉडचे आकडे दाखवणाऱ्या ॲपवर आहे. निसटलेला, म्हणजे पट्ट्याला न सापडलेला, ठोका गाळायची सोय आहे, पण मुळात बंद असते आणि सेटिंगच्या तळाशी दडवलेली. एका ठोक्यानं काय बिघडतं? ठोक्यांमधलं अंतर ८०० मिलिसेकंद धरा, ५ मिनिटांत सुमारे ३७५ ठोके. एक निसटला की तिथलं अंतर १६०० होतं. आरएमएसएसडीमध्ये (ठोक्यांमधली अंतरं किती बदलतात त्याचा आकडा; जास्त म्हणजे शरीर निवांत, असं ॲप धरतं) लगतच्या अंतरांतल्या फरकांचा वर्ग होतो, त्यामुळे ३० मिलिसेकंदांचा आकडा थेट ६६ च्या आसपास जातो. ॲप लगेच हिरवं: 'उत्तम विश्रांती'. कसली विश्रांती, इलेक्ट्रोड कोरडा होता! पट्टा बांधण्याआधी इलेक्ट्रोड पाण्यानं ओला कराच.

दुसरी गंमत अनुलोम-विलोमाची. मिनिटाला ६ श्वास म्हणजे ०.१ हर्ट्झ. श्वासाबरोबर नाडीत उठणारी लाट तेव्हा एलएफ या मंद लाटांच्या टप्प्यात (०.०४ ते ०.१५ हर्ट्झ) सरकते, मंद लाटांचं जलद लाटांशी असलेलं एलएफ-एचएफ गुणोत्तर चढतं आणि ॲप 'ताण वाढला' म्हणतं. ही लाट मुख्यतः व्हेगस नर्व्हची, म्हणजे शरीर शांत करणाऱ्या मज्जातंतूचीच असते. म्हणून सरावातला आकडा सोडा; सरावाआधी त्याच वेळी, त्याच स्थितीत, नेहमीच्या श्वासात ५ मिनिटं मोजा.

कपालभातीत पोटाच्या झटक्यांनी पट्टा हलतो, भुजंगासनासाठी पालथं झोपलं की पॉड जमिनीशी दाबला जातो. तिथलं मोजमाप कचऱ्यात टाका.

एवढं असूनही माझ्या आधीच्या परीक्षणातल्या दोन ताऱ्यांचे साडेतीन करतोय, कारण नव्या अपडेटमध्ये आरआर अंतरांची (दोन ठोक्यांमधल्या वेळांची) कच्ची फाइल बाहेर काढता येते. ती उघडली की निसटलेला ठोका डोळ्यांनी दिसतो: ८१०, ७९५, १६०४, ८०२. ॲपचा शेरा वाचायची गरजच उरत नाही.

सराव संपला की पॉड काढून ठेवा. ओल्या पट्ट्यावर राहिला तर त्याला वाटतं अजून छातीवरच आहोत, आणि सेल फुकट उतरतो.