गणित-विज्ञान शिक्षकांच्या कार्यशाळा : वर्षभर वर्गात वापरल्यानंतरचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवते. गेल्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या आधी, आमच्या भागातील उच्च प्राथमिक शिक्षकांसाठी एका स्वयंसेवी संस्थेने कार्यशाळामाला सुरू केली. आधी निवासी वर्ग आणि त्यानंतर मार्चपर्यंत महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेत, बैठक असे तिचे स्वरूप होते. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्राय-पत्रकावर माझा फारसा विश्वास नाही, कारण तिथे शिकलेले वर्गात टिकते की नाही हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, ज्यांना पुढच्या वर्षी नाव नोंदवायचे आहे अशा शिक्षकांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

या कार्यशाळेचे सगळ्यांत मोठे बळ म्हणजे तिची सुरुवात मुलांच्या वह्यांपासून होते. निवासी वर्गाच्या पहिल्याच सत्रात सुलभक (सत्र घेणाऱ्या) ताईंनी एका मुलाने सोडवलेले उदाहरण फळ्यावर लिहिले : १/२ + १/३ = २/५. चूक कोणती, हे त्यांनी विचारले नाही, कारण ते प्रत्येकाला दिसत होतेच. कोणत्या परिस्थितीत हे उत्तर बरोबर ठरेल, असा त्यांचा प्रश्न होता. बराच वेळ सगळे गप्प होते. मग एका गुरुजींनी सांगितले की पहिल्या दिवशी दोन सामन्यांपैकी एक जिंकला आणि दुसऱ्या दिवशी तिनांपैकी एक जिंकला, तर एकूण पाचांपैकी दोन जिंकले असेच आपण म्हणतो. म्हणजे त्या मुलाच्या डोक्यात अपूर्णांक ही एक संख्या नसून 'इतक्यांपैकी इतके' अशी दोन संख्यांची जोडी आहे, आणि त्या जोडीच्या हिशोबाने त्याने केलेली बेरीज सुसंगत आहे. हे एकदा लक्षात आले की लसावि काढून समच्छेद करण्याची रीत पुन्हा पुन्हा घोकून घेण्यात अर्थ उरत नाही. आधी त्या मुलाला १/२ आणि १/३ यांची जागा संख्यारेषेवर शोधायला लावावी लागते, म्हणजे २/५ हे उत्तर मुळात १/२ पेक्षाही लहान आहे आणि त्यामुळे ते बेरीज असूच शकत नाही, हे त्याचे त्यालाच दिसते. विषय येणे आणि तो शिकवता येणे यांच्या दरम्यान जे वेगळे ज्ञान लागते, त्याची मांडणी अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये केली होती, आणि आपल्याकडे मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुलांच्या अशा कल्पनांचा अभ्यास कित्येक वर्षे चालू आहे. पण त्याचा उपयोग उद्याच्या तासिकेला कसा करायचा, हे मला इथे प्रथम हाताशी मिळाले.

दशांश अपूर्णांकांचे सत्र तर मी वर्षभर जसेच्या तसे वापरले. ०.४५ आणि ०.३ यांतील मोठी संख्या कोणती, असे विचारले की बहुतेक मुले ०.४५ सांगतात आणि आपण पुढच्या घटकाकडे वळतो. वास्तविक ४५ हे ३ पेक्षा मोठे म्हणून ज्याने हे उत्तर दिले, त्यालाही पूर्ण गुण मिळालेले असतात. त्याच मुलाला ०.४ आणि ०.२३ यांची तुलना करायला सांगा, तो निःशंकपणे ०.२३ मोठी म्हणेल. उलट काही मुलांना 'दशांश मोठा, शतांश लहान' एवढेच लक्षात राहिलेले असते, आणि म्हणून ज्या संख्येत चिन्हानंतर कमी अंक तीच मोठी असा त्यांचा नियम असतो. ती मुले दुसरी जोडी बरोबर सोडवतात आणि पहिल्या जोडीत चुकतात. दोन्ही जोड्या एकाच वेळी विचारल्या तरच कोण कोणत्या विचाराने चालला आहे हे कळते. ऑगस्टमध्ये मी या जोड्या सहावीला तोंडी न विचारता कागदावर लिहून दिल्या, तेव्हा ज्यांची वही नेहमी नीटनेटकी असते अशी मुलेही पहिल्या गटात निघाली.

त्यावरचा उपाय कार्यशाळेतलाच होता. एक मीटर लांबीची कागदी पट्टी घ्यायची, तिचे दहा समान भाग करून प्रत्येक भागाला दशांश म्हणायचे आणि एका भागाचे पुन्हा दहा करून शतांश दाखवायचे. मग मुलांनी ०.४ आणि ०.२३ एवढ्या पट्ट्या स्वतः कापून शेजारी शेजारी ठेवायच्या. माझ्या वर्गातील एक मुलगी दोन्ही तुकडे हातात धरून म्हणाली, "बाई, म्हणजे पॉइंटनंतरचे आकडे वेगळी संख्या म्हणून वाचायचेच नाहीत." हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून आठवडाभर पुसले नाही. याच सत्रात आणखी एक गोष्ट पटली. रुपये आणि पैसे यांचे उदाहरण देऊन दशांश शिकवण्याची आपली जुनी सवय आता उपयोगाची राहिलेली नाही. २५ पैसे आणि त्याखालील नाणी २०११ मध्ये चलनातून गेली. आजच्या सहावीतल्या मुलाने ती हाताळलेलीच नाहीत. शिवाय ३.५ रुपये म्हणजे तीन रुपये पाच पैसे असे वाचणारा मुलगा या उदाहरणामुळे आपली चूक अधिकच घट्ट धरून ठेवतो. त्यापेक्षा मोजपट्टीवरची लांबी कितीतरी अधिक सरळ समजते.

विज्ञानाच्या सत्रांपैकी फेब्रुवारीतली सावलीची बैठक मला सर्वांत मोलाची वाटली. त्या दिवशी आम्ही नेहमीपेक्षा लवकर जमलो होतो. मैदानावर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीची लांबी मोजत गेलो. बारा वाजता सावली सर्वांत लहान होईल, असे जवळजवळ सगळ्यांनी आधीच वहीत लिहून ठेवले होते. पण बारानंतरही सावली लहानच होत राहिली आणि सर्वांत कमी लांबी, साठ सेंटिमीटरच्या आसपास, पाऊण वाजण्याच्या सुमाराला आली. सुलभकांनी लगेच स्पष्टीकरण दिले नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि आपण सुमारे ७४ अंशांवर आहोत, एवढेच सांगून त्यांनी हिशोब आमच्यावर सोडला. एका अंशाला चार मिनिटे धरली तर साडेआठ अंशांची ३४ मिनिटे होतात, म्हणजे मध्यान्ह साधारण १२ वाजून ३४ मिनिटांनी यायला हवी. मग वरच्या दहा-पंधरा मिनिटांचे काय? हा प्रश्न त्यांनी पुढच्या बैठकीपर्यंत उघडा ठेवला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा आस कललेला असल्यामुळे सूर्य आपल्या घड्याळाच्या मानाने कधी मागे तर कधी पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला तो सुमारे १४ मिनिटे मागे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटे पुढे असतो, हे मार्चमध्ये कळेपर्यंत आमच्यातल्या कित्येकांनी आपापल्या शाळेत काठ्या रोवून मोजमापे घेतली होती. उत्तर हातात न देता शिक्षकाला महिनाभर विचार करू देणारे प्रशिक्षण मी यापूर्वी अनुभवले नव्हते.

आठवीच्या मुलांनी हाच प्रयोग केला तेव्हा त्यांनी सर्वांत लहान सावलीच्या रेषेवरून उत्तर-दक्षिण दिशा आखली आणि होकायंत्राशी ताडून पाहिली. सावली पूर्ण नाहीशी होते का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे तसे वर्षातून दोनदा होते. आमच्या भागात मे महिन्याच्या पूर्वार्धात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी आकाश ढगाळ, म्हणून यंदा मुलांना काठीचे काम घरी करण्यासाठी सोपवले आहे.

मासिक बैठकांविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण माझ्या मते या मालेचे यश त्यांच्यावर उभे आहे. राज्यस्तरावर काही जणांना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला आणि तालुक्याने केंद्राला, अशा उतरंडीने येणाऱ्या प्रशिक्षणात प्रत्येक पायरीवर वेळ कमी होतो, प्रयोगांच्या जागी सादरीकरण येते आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देऊ शकेल असा माणूस समोर नसतो. इथे तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटत होती आणि प्रत्येकाने वर्गात काय करून पाहिले, मुलांनी काय उत्तरे दिली, हे वह्यांसकट टेबलावर ठेवावे लागत होते. ही कल्पना नवी नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सरकारी शाळांचे शिक्षक असेच दर महिन्याला जमून धडे आणि प्रयोग तपासत असत. सरकारने २००२ मध्ये तो बंद करेपर्यंत त्याने तीस वर्षे काम केले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवते. ते तास सुट्टीत एकगठ्ठा उरकायचे की वर्षभर पसरवून वर्गाशी जोडायचे, यावर त्यांचे मोल ठरेल, असे माझे ठाम मत आहे.

आता त्रुटींकडे वळते, आणि त्या किरकोळ नाहीत. साहित्यपेटीतील चुंबक दिवाळीपर्यंत क्षीण झाले. विजेरीचे छोटे बल्ब फुटले, आणि ते आता तालुक्याच्या बाजारात सहज मिळत नाहीत, कारण सगळ्या विजेऱ्या एलईडीच्या झाल्या आहेत. एक सेल, एक बल्ब आणि वायरचा एकच तुकडा घेऊन बल्ब पेटवून दाखवा, ही कार्यशाळेतली फार उत्तम कृती आहे. बल्बला दोन टोके असतात आणि परिपथ पूर्ण व्हावा लागतो हे त्यात हाताने कळते. बल्ब संपल्यावर संस्थेने त्याच्या जागी पांढरे एलईडी पाठवले. ते दीड व्होल्टच्या एका सेलवर पेटत नाहीत आणि उलटे जोडले तर दोन सेलवरही पेटत नाहीत, त्यामुळे मुलाची जोडणी बरोबर असूनही त्याला ती चूक वाटते. ज्या कृतीचा सगळा अर्थ साहित्यावर अवलंबून आहे, तिथे साहित्य बदलताना असा निष्काळजीपणा होता कामा नये. हे आम्ही लेखी कळवले. नवीन पेटीत जुने बल्ब देऊ, असे उत्तर आले आहे.

भूमितीचे सत्र संगणकावरील आज्ञावलीवर आधारलेले होते आणि आमच्यापैकी बहुतेकांच्या शाळेत चालू स्थितीतील संगणक नाहीत, त्यामुळे ते वर्गापर्यंत पोहोचलेच नाही. जीवशास्त्राला अगदीच कमी वेळ मिळाला. हस्तपुस्तिकेची भाषा बोजड आहे. काही परिच्छेद दोनदा वाचूनही काय करायचे ते कळत नाही, आणि प्रत्यक्ष बैठकीत इतके सुंदर मराठी बोलणाऱ्या सुलभकांनी ती स्वतः लिहायला हवी होती. पण सर्वांत गंभीर उणीव द्विशिक्षकी शाळांच्या बाबतीत आहे. सगळे वर्ग दोनच शिक्षकांनी सांभाळायचे असतील, तर एका गटाला पट्ट्या कापायला बसवून दुसऱ्या गटाकडे कसे वळायचे, याचे नियोजन कार्यशाळेत एकदाही झाले नाही. आमच्या गटातील दोन शिक्षक डिसेंबरनंतर यायचे थांबले, ते याच कारणाने.

वेळेचा प्रश्न माझ्याही वाट्याला आला. दशांशांवर मी ठरल्यापेक्षा बराच अधिक काळ घालवला आणि त्यामुळे शेवटचे दोन घटक घाईने घ्यावे लागले. आठवीच्या पालकांना शिष्यवृत्ती परीक्षेची काळजी होती आणि ती रास्त होती. जानेवारीत मी सरावासाठी वेगळ्या तासिका ठेवल्या. मुलांचे गुण एकदम वाढले, असे मी म्हणणार नाही, कारण तसे म्हणण्याजोगा पुरावा माझ्याकडे नाही. मात्र उत्तर लिहिल्यावर ते शक्य आहे का, हे स्वतः पडताळून पाहणारी मुले आता वर्गात दिसतात. १/२ + १/३ सारखे उदाहरण आले की "हे अर्ध्यापेक्षा जास्त यायला पाहिजे" असे कोणीतरी आधीच म्हणते. माझ्याही पाठ टाचणात आता प्रत्येक घटकासमोर 'मुले इथे काय समजतील' असा एक रकाना आला आहे, आणि तो भरल्याशिवाय मी वर्गात जात नाही.

ज्यांना नाव नोंदवायचे आहे त्यांनी एकाच शाळेतून किंवा शेजारच्या शाळांतून दोघांनी मिळून यावे, कारण बैठकांच्या मधल्या काळात बोलायला कोणी असेल तरच काम पुढे सरकते. मुख्याध्यापकांना पहिल्या दिवशी सोबत आणता आले तर पुढे वेळापत्रकात सलग दोन तासिका मिळवणे सोपे जाते. प्रवासखर्च स्वतःचा असतो आणि जेवणाची सोय फक्त निवासी वर्गात असते. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी वेगळी माला येत्या जूनपासून सुरू होत आहे; तिच्यात बहुवर्ग अध्यापनाचे नियोजन असेल का, हे नोंदणीपूर्वीच संयोजकांना विचारून घ्यावे. मी स्वतः दुसऱ्या वर्षाच्या मालेसाठी नाव दिले आहे, आणि ऋण संख्यांचे सत्र लवकर घ्यावे अशी विनंती सोबत जोडली आहे.