छप्पर, चिप्स आणि परतीची ट्रेन: लंडन परिसरातली नॉन-लीग मैदानं, पाहुण्या पाठीराख्याच्या नजरेतून

स्लाऊ, हॅरो, हाउन्सलो भागात राहणारी मराठी मंडळी प्रीमियर लीगच्या तिकिटासाठी महिनोन्‌महिने खटपट करतात, पण घरापासून वीस मिनिटांवर असलेल्या फुटबॉल मैदानात कधी डोकावलेली नसतात. वरच्या चार विभागांतले ९२ क्लब वगळले की खाली जे पसरलेलं आहे ते सगळं नॉन-लीग. मोठ्यांना साधारण १० ते १५ पाउंड तिकीट, लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा नाममात्र पैसे, आणि खेळाडू एवढे जवळ की शिव्याही स्पष्ट ऐकू येतात. कोल्हापुरात सगळ्या तालमी शाहू स्टेडियमवरच भिडतात, त्यामुळे पाहुणा संघ ही भानगडच नसते. इथे प्रत्येक क्लबाचं मैदान वेगळं, म्हणजे एका आड एक सामना परक्या गावात. मग त्या गावात पाहुण्याची सोय कशी आहे, हा प्रश्न खेळाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पहिली कसोटी छपराची. मुख्य स्टँडमधल्या खुर्च्या यजमान संघाच्या जुन्या सभासदांनी अडवलेल्या असतात आणि पावसात तिथे शिरायला जागा नसते. म्हणून मैदान पारखताना गोलच्या मागे उभं राहायला छप्पर आहे का ते बघायचं. पत्र्याचं का होईना, गोलमागे छप्पर असेल तर पाहुण्यांचा घोळका तिथे जमतो, गाणी घुमतात, पंधरा माणसांचा आवाज दीडशेंसारखा वाटतो. तेच छप्पर नुसतं बाजूच्या रेषेलगत असेल तर पाहुणे इकडेतिकडे विखुरतात. जुन्या स्टँडमध्ये आणखी एक मेख असते: छपराला आधार देणारे खांब. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलात तर नेमका एक गोल खांबाआड जातो. बसायचंच असेल तर अगदी पुढची रांग, नाहीतर दोन खांबांच्या मधली वरची जागा धरा. पुढच्या रांगेत तिरका पाऊस अंगावर येतो, ही त्याची किंमत.

दुसरी कसोटी मोकळेपणाची. मोठ्या मैदानांवर पाहुण्यांना कोपऱ्यात कोंडून ठेवतात. नॉन-लीगमध्ये बहुतेक सामन्यांना अशी विभागणी नसते. मैदानाभोवती साधारण कमरेच्या वर येणारा कठडा, त्याभोवती सिमेंटची वाट, आणि कुठेही टेकून उभं राहण्याची मुभा. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करतोय त्या गोलमागे उभं राहायचं आणि मध्यंतरात समोरच्या टोकाला चालत जायचं, ही जुनी रीत. वाटेत दोन्ही बाजूंचे पाठीराखे एकमेकांना ओलांडून जातात, चार टोमणे होतात, एवढंच. विभागणी लागू झाली की ही सगळी मजा जाते, त्यामुळे चुरशीच्या सामन्याआधी क्लबाच्या संकेतस्थळावर तेवढं बघून घ्यावं. गोलमागे उभं राहताना सरावाच्या वेळी फोनमध्ये डोकं घालू नका. सामन्याआधी राखीव खेळाडू गोलवर फटके मारत असतात, त्यातले निम्मे गोलच्या वरून जातात आणि तुम्ही उभे असता दहा-बारा फुटांवर.

बिअरचा ग्लास हातात धरून सामना बघता येतो की नाही, हे क्लबाच्या मर्जीवर नाही, विभागावर ठरतं. १९८५ च्या कायद्यानुसार वरच्या पाच पातळ्यांतल्या क्लबांच्या सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. सहाव्या पातळीपासून, म्हणजे नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथपासून खाली, प्लास्टिकच्या ग्लासात घेऊन कठड्याला टेकता येतं. गंमत अशी की खालच्या क्लबाची एफए कपात, म्हणजे सगळ्या पातळ्यांच्या क्लबांसाठी खुल्या असलेल्या बाद फेरीच्या स्पर्धेत, वरच्या क्लबाशी गाठ पडली की त्या दिवसापुरता तोच कायदा लागू होतो. नेहमीच्या जागेवर नेहमीचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या आजोबांना मग आत पिटाळलं जातं आणि ते सामना संपेपर्यंत कुरकुरतात.

आता खाण्याचं. इथे आपल्या लोकांनी जरा सावध राहावं. चहाच्या टपरीवर चहाशेजारी बॉव्हरिल नावाचं गरम पेय मिळतं. थंडीत सगळे पितात म्हणून आपणही घेतो, पण तो गोमांसाचा अर्क असतो. २००४ मध्ये कंपनीने तो काढून यीस्टचा अर्क वापरायला सुरुवात केली होती, २००६ मध्ये पुन्हा गोमांस आलं. ज्यांना चालत नाही त्यांनी चहावरच भागवावं. बर्गर बहुतेक ठिकाणी गोमांसाचा. शाकाहारी बर्गर फळ्यावर लिहिलेला असला तरी तो त्याच तव्यावर भाजला जातो, आणि विचारलं की टपरीवरच्या काकू प्रामाणिकपणे तसं सांगतातही. चिप्स, म्हणजे इथल्या बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी, बऱ्याचदा वनस्पती तेलात तळतात, पण काही ठिकाणी, विशेषतः उत्तरेकडे, गायीच्या चरबीत. विचारल्याशिवाय घेऊ नका. सगळ्यात बिनधोक म्हणजे चीज-कांद्याची पेस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली मैद्याची करंजी, मिळाली तर. चिप्सवर घालतात तो करी सॉस आपल्या जिभेला गोडुस आणि बुळबुळीत लागतो. मात्र जानेवारीत, बोटं बधिर झालेली असताना, त्याबद्दल वाईट बोलवत नाही.

टपरीची खरी अडचण रांगेची. मध्यंतर १५ मिनिटांचं, खिडकी एक, तळणीची कढई एक किंवा दोन. गर्दी चारशेच्या पुढे गेली की चिप्सचा एक घाणा निघून दुसरा पडेपर्यंत पाच-सहा मिनिटं जातात आणि रांग जागच्या जागी थांबते. चाळिसाव्या मिनिटाला निघालात तर दोन मिनिटांत काम होतं. तेवढ्यात गोल झाला तर नशीब. दुसरा उपाय म्हणजे तीनच्या सामन्याला सव्वादोनला पोचून आधीच खाऊन घेणं. तेव्हा तेल ताजं असतं आणि पेस्टीही शिल्लक असते. कार्ड आता जवळपास सगळीकडे चालतं, पण अगदी खालच्या पातळीवर मशीनला रेंज मिळत नाही म्हणून दहा-वीस पाउंड रोख खिशात असू द्यावेत. फिफ्टी-फिफ्टीचं लॉटरी तिकीट विकणारा माणूस तर हमखास रोख मागतो. जमलेली निम्मी रक्कम विजेत्याला, निम्मी क्लबाला.

स्वच्छतागृहांबद्दल फार चांगलं लिहिण्यासारखं नाही. पुरुषांसाठी कोपऱ्यात विटांचा आडोसा, कित्येकदा वर आभाळ. बायकांसाठी सोय बहुधा क्लबहाउसच्या आत, दोन-तीन कप्प्यांची, त्यामुळे मध्यंतरातली सगळ्यात लांब रांग तिथे. शिट्टीच्या आधी जाऊन यावं किंवा दुसरा डाव सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहाला अनेकदा रडार चावी, म्हणजे अशा स्वच्छतागृहांसाठीची देशभर चालणारी एकच चावी, लागते. नसेल तर बारमध्ये मागितल्यावर देतात. चाकाच्या खुर्चीसाठी ठरवलेली जागा आणि सोबतच्या माणसाला फुकट प्रवेश पुष्कळ क्लब देतात, पण सिमेंटच्या वाटेवरून तिथपर्यंत पोचताना चढ-पायरी किती, हे आदल्या दिवशी ईमेल करून विचारलेलं बरं. अशा ईमेलला उत्तर देण्यात हे छोटे क्लब मोठ्यांपेक्षा कितीतरी तत्पर असतात.

सामना रद्द होणं ही या पातळीवरची सगळ्यात मोठी डोकेदुखी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गवताच्या मैदानात पाणी साचतं किंवा जमीन गोठते. मग पंच सकाळी येऊन पाहणी करतात. चेंडू टप्पा घेतोय का, बूट रुततोय का, हे बघून निर्णय होतो, आणि कधी दुपारी एकला दुसरी पाहणी ठेवतात, तोवर पाहुणे अर्ध्या वाटेवर असतात. घरून निघण्याआधी यजमान क्लबाचं समाजमाध्यमावरचं खातं बघा, आपल्या क्लबाचं नव्हे. बातमी आधी तिथे येते. थ्रीजी म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर पाण्याची चिंता जवळपास नसते. स्लाऊ टाउनचं आर्बर पार्क तसं. २०१६ साली सुरू झालेलं, स्लाऊ स्टेशनपासून चालत १५ ते २० मिनिटं, एलिझाबेथ लाइनमुळे कुठूनही सोपं. २००३ पासून या क्लबाला स्वतःच्या गावात मैदानच नव्हतं, हे लक्षात घेतलं तर तिथल्या लोकांना त्याचं एवढं अप्रूप का ते कळतं. किंग्सबरीचं सिल्व्हर ज्युबिली पार्कही कृत्रिम गवताचं. २०१६ पासून हेंडनचा क्लब तिथे खेळतो. पावसाळी शनिवारी खात्रीचा सामना हवा असेल तर ही दोन नावं ध्यानात ठेवा. माझं मत विचाराल तर अशा मैदानांवर चेंडू एकसारखा पळतो आणि खेळही एकसारखा होतो. चिखलातला गोंधळ बघायचा असेल तर गवताचं मैदानच गाठावं.

पेरिव्हेलचं रेनल्ड्स फील्ड, हॅनवेल टाउनचं घर, ट्यूबने जाणाऱ्यांना सोयीचं. सेंट्रल लाइनचं पेरिव्हेल स्टेशन जवळ आहे आणि ए४० महामार्ग अगदी शेजारून जातो. पश्चिम लंडनच्या या क्लबाला जॉर्डीज (न्यूकॅसलकडच्या लोकांचं टोपणनाव) म्हणतात आणि कपडे काळे-पांढरे, कारण न्यूकॅसलकडून आलेल्या कामगारांनी तो १९२० साली काढला. रायस्लिपचं ग्रोव्हनर व्हेल वेल्डस्टोनचं, २००८ पासून. २०२० मध्ये हा क्लब पाचव्या पातळीवर गेला, त्यामुळे वर सांगितलेला दारूचा नियम तिथे लागू झाला आणि मोठ्या सामन्यांना पाहुण्यांची जागा वेगळी असू शकते. गल्ल्या अरुंद आणि घरांच्या मधल्या आहेत. गाडी नेण्यापेक्षा रायस्लिप स्टेशनवरून चालत जाणं शहाणपणाचं.

डलिच हॅम्लेटच्या चॅम्पियन हिलबद्दल मात्र वेगळं बोलायला हवं. ईस्ट डलिच स्टेशनपासून पाच मिनिटं, आणि या पातळीच्या मानाने गर्दी अफाट: दोन-तीन हजार माणसं सहज. तिथे तिकीट आधी घ्या. बारची रांग हाच इथला मुख्य त्रास, आणि शांतपणे कठड्याला टेकून सामना बघायची सवय असलेल्या पाहुण्याला आपण चुकून जत्रेत आलोय असं वाटतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधला एक फुटबॉल सामनाही चॅम्पियन हिलवर झाला होता, तेव्हाच्या जुन्या, कितीतरी मोठ्या स्टेडियममध्ये. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताचा बहुतांश अनवाणी संघ फ्रान्सशी खेळला तोही अशाच एका हौशी क्लबाच्या मैदानावर, इलफर्डच्या लिन रोडवर. दोन पेनल्टी हुकल्या आणि आपण १-२ असे हरलो. ते मैदान आता उरलेलं नाही, तिथे घरं झाली.

दिवसभराची सहल काढायची असेल तर ल्यूइसचं ड्रिपिंग पॅन. लंडन व्हिक्टोरियाहून ट्रेनला साधारण तासाभराहून थोडं जास्त, आणि स्टेशनमधून बाहेर पडल्यावर पाचेक मिनिटांत मैदान. जमीन खोलगट, भोवती गवताचे बांध आणि सिमेंटच्या पायऱ्या, त्यामुळे कुठेही उभे राहा, अख्खं मैदान दिसतं. आदरातिथ्याचे खास कक्ष म्हणून समुद्रकिनाऱ्यावर असतात तशा रंगीत लाकडी झोपड्या उभ्या केल्या आहेत. क्लब पाठीराख्यांच्याच मालकीचा, आणि २०१७ पासून स्त्री व पुरुष संघांना सारखं मानधन देण्याचं धोरण तिथे सुरू झालं.

थंडीसाठी एक सूचना, कारण नवखे हमखास फसतात. गारठा वरून कमी आणि पायाखालच्या सिमेंटमधून जास्त चढतो. दोन जाकिटांपेक्षा जाड तळव्याचे बूट आणि लोकरीचे मोजे जास्त कामाचे. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि दुसरा डाव बहुतेक सगळा दिव्यांखाली होतो. पहिल्या डावात मात्र सूर्य नैऋत्येला इतका खाली असतो की त्या दिशेला तोंड करून उभं राहिलात तर लांबचा गोल दिसतच नाही. नाणेफेकीत कर्णधार कोणती बाजू निवडतोय ते बघा. गोलरक्षकाच्या डोळ्यांत ऊन जाणार असेल तर तुमच्याही जाईल.

मंगळवारी रात्रीचे सामने पावणेआठला सुरू होतात आणि संपता संपता पावणेदहा वाजतात. ट्यूबच्या पट्ट्यातल्या मैदानांना अडचण नाही. ल्यूइससारख्या ठिकाणी परतीच्या गाड्या विरळ होत जातात, आणि शनिवार-रविवारी रुळांची दुरुस्ती निघाली तर ट्रेनऐवजी बस लावतात, तासाचे दोन तास होतात. वेळापत्रक आदल्या रात्री बघा, सामन्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. आणि क्लबच्या पाठीराख्यांची बस जात असेल तर डोळे मिटून तिकीट काढा. बस शेवटची शिट्टी झाल्यावर वीसेक मिनिटांत निघते. तेवढ्या वेळात दिवसाची उरलेली पेस्टी टपरीवर अर्ध्या किमतीत मिळाली तर मिळाली.