बेल्ट ऑइल स्किमर: घ्यावा, पण चोवीस तास चालवू नये

सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या) मशीनच्या कुलंट टाकीवर, म्हणजे कापताना थंडावा देणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणाच्या टाकीवर, बसणारा छोटा बेल्ट स्किमर छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या लहान वर्कशॉपनी जरूर घ्यावा. टाकीत तरंगणारं स्लाइडवे ऑइल (मशीनच्या सरकत्या भागांचं वंगण) पट्ट्याला चिकटून वर येतं, वायपर ते खरवडून काढतात आणि नळीतून डब्यात सोडतात. काम एवढंच, पण कुलंटचं आयुष्य त्यावर ठरतं. तेलाचा थर साचला की खाली हवा पोचत नाही, हवेविना जगणारे जिवाणू माजतात आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला दार उघडताच सडक्या अंड्यांचा वास येतो. मग अख्खी टाकी उपसावी लागते.

स्किमर सतत चालू ठेवण्यात फायदा नाही. पंप चालू असताना तेल घुसळलं जातं आणि पट्टा कुलंटही वर ओढतो. डब्यात दुधी पाणी दिसलं की समजावं. मशीन थांबल्यावर तेल वर यायला तासभर द्या आणि मग टायमरवर चालवा.

वायपर मात्र लवकर झिजतात. बीडाचं (कास्ट आयर्नचं) काम असेल तर बारीक बुरादा रबराची धार खातो आणि पट्ट्यावरची तेलाची रेघ तशीच टाकीत परत जाते. रेघ दिसली की वायपर बदला. डबा एरवीपेक्षा लवकर भरू लागला, तर ल्युब्रिकेशनची लाईन कुठे गळतेय ते आधी बघा. कुलंटमध्ये एकजीव झालेलं तेल मात्र याच्याने निघत नाही. त्याला कोअलेसर (तेलाचे बारीक थेंब एकत्र आणणारं यंत्र) किंवा सेंट्रिफ्यूजच (वेगाने फिरवून तेल वेगळं करणारं यंत्र) लागतो.

आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने हा स्किमर उलटा महागात पडतो. टाकीतलं पाणी उडतं, क्षार मागे राहतात, दर टॉप-अपला वाढतात. शेवटी कुलंट फुटतं, म्हणजे तेल-पाणी वेगळं होतं, त्यातलं तेल वर येतं आणि पट्टा तेच विकतचं तेल डब्यात भरतो! टॉप-अपला आरओचं पाणी घ्या, पाण्यात कुलंटचं तेल ओता, तेलात पाणी नको. कुलंटमधल्या तेलाचं प्रमाण मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचं रीडिंग कुलंटच्या फॅक्टरने (कुलंट बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याने) गुणा. साध्या टर्निंग-मिलिंगला हे प्रमाण ६ ते ८ टक्के ठीक. पीएच ८.५ च्या खाली उतरू देऊ नका.

डब्यातलं तेल नालीत कदापि नको. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल ५.१ क्रमांकावर आहे. ते झाकणबंद ड्रममध्ये, लेबल लावून, ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतं. अधिकृत रिसायकलरकडे देताना फॉर्म १० (कचरा पाठवल्याची नोंद) भरावा लागतो. ड्रममध्ये पाणी जास्त निघालं तर भाव पडतो, त्यामुळे टायमरचं पथ्य इथेही पैसे वाचवतं.