‘फॉरमॅट मारू नका’ असे सांगणाऱ्या दुकानातून जुना लॅपटॉप घेऊ नका

जुन्या लॅपटॉपच्या खरेदीत माझे 21,500 रुपये बुडाले आहेत. त्यांपैकी 2,000 रुपये मी यूपीआयने आगाऊ दिले होते आणि 19,500 रुपये काउंटरवर रोख मोजले होते. हे पैसे कोणी ओटीपी विचारून नेले नाहीत, की कुठल्या लिंकवर बोट ठेवल्याने गेले नाहीत. भर बाजारपेठेत, पाटी लावलेल्या दुकानात, समोर बसवून आणि वर चहा पाजून ते घेतले गेले. फसवणूक म्हटली की आपल्याकडे सगळे अनोळखी फोनपासून सावध राहायला सांगतात. काउंटरवरच्या फसवणुकीबद्दल बोलायला मात्र लोकांना लाज वाटते. मलाही वाटते, तरी लिहीत आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटेसे दुकान आहे. सातबारा, आठ-अ, पीक विमा, पीएम किसानची ई-केवायसी, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, अशी सगळी कामे असतात. 2025 च्या मे महिन्यात विजेचा दाब अचानक वाढला आणि माझा डेस्कटॉप जळाला. जुलैत खरीप पीक विम्यासाठी दारात रांग लागते आणि कामाचा नवा लॅपटॉप 45,000 च्या खाली मिळत नव्हता. त्यामुळे जूनमध्ये नागपूर गाठून, ‘कंपन्यांमधून निघालेला माल’ विकणाऱ्या एका दुकानातून मी जुना लॅपटॉप घेतला.

मी काहीच माहिती न काढता गेलो होतो, असा समज कोणी करून घेऊ नये. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 नंतर बंद होणार होते आणि विंडोज 11 साठी इंटेलच्या प्रोसेसरची किमान आठवी पिढी व टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी आठव्या पिढीचाच आय फाइव्ह मागितला. विंडोजमध्ये दिसणारे प्रोसेसरचे नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, बदलून ठेवता येते, म्हणून ते मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज चालू होण्याआधीच्या पडद्यावर, जाऊन पाहिले. 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी बरोबर होती. बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता आणि उरलेली क्षमताही ताडून पाहिली. बैलबाजारात आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, तितके सगळे मी केले होते. दुकानदाराने फसवले ते मी जिथे पाहणार नाही अशा जागी.

आता ज्या क्षणाचा मला आजही संताप येतो, तो सांगतो. लॅपटॉप उलटा करून पाहिला तेव्हा त्याच्या पाठीवर, छापील सीरियल नंबरच्या शेजारी, साधारण दोन बोटे रुंदीचा एक चौकोन होता. तिथले स्टिकर खरवडून काढलेले होते आणि उरलेल्या गोंदावर काळी धूळ बसली होती. मी विचारले, तर दुकानदार म्हणाला, “कंपनीचा नंबर असते भाऊ तो, सगळ्याच मालावर असते.” ते खरेही होते. त्यानंतर लॅपटॉप पिशवीत भरता भरता त्याने स्वतःहून सांगितले, “एक ध्यानात ठेवजा, याले बाहेर कुठं फॉरमॅट मारू नोका. काही झालं तं सरळ इथं आना, नाही तं वॉरंटी जाते.” विक्रेत्याने न विचारता दिलेला हा एकमेव सल्ला होता आणि साऱ्या व्यवहाराची किल्ली त्यातच होती. मला मात्र तो त्याचा चांगुलपणा वाटला. माणूस विकून मोकळा होत नाही, पुढचीही जबाबदारी घेतो, असे मी परतीच्या एसटीत सोबतच्या प्रवाशाला कौतुकाने सांगितले. यात माझे चुकले असे कोणाला म्हणायचे असेल, तर त्याने आधी हे सांगावे की सहा महिन्यांची वॉरंटी देणारा कोणता दुकानदार ‘दुरुस्तीला आमच्याकडेच आणा’ असे सांगत नाही.

सारा हंगाम लॅपटॉप सुरळीत चालला. डिसेंबरात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’ अशी पुसट अक्षरे आली. तालुक्याच्या ठिकाणी संगणक दुरुस्त करणाऱ्या पोराने पाहताक्षणी सांगितले की, दुकानदाराने मोठ्या कंपन्यांसाठीची विंडोजची आवृत्ती जुगाड करून चालू केलेली आहे, तशा अ‍ॅक्टिव्हेशनची मुदत 180 दिवसांची असते आणि ती संपली आहे. त्याने सरळ मार्ग सुचवला: मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज 11 फुकट उतरवता येते, ते 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि कोरे विंडोज मारायचे. त्याचे 700 रुपये ठरले. वॉरंटीचे सहा महिने तसेही सरले होते.

विंडोज बसले. देश निवडला, कीबोर्ड निवडला, वाय-फायचा पासवर्ड टाकला. थोडा वेळ गोल फिरत राहिले आणि मग पडद्यावर एका बड्या कंपनीचे बोधचिन्ह आले, खाली तिच्या नावानिशी स्वागताचा मजकूर आणि त्याखाली त्या कंपनीतला ईमेल व पासवर्ड टाकण्याची चौकट. पुढे जाण्याचे बटण चालेना. त्या पोराने डिस्क पुसून पुन्हा विंडोज मारले, तरी तेच. एसएसडी बदलून पाहिली, तरी तेच.

या प्रकाराला विंडोज ऑटोपायलट म्हणतात. मोठ्या कंपन्या शेकडो लॅपटॉप घेतात, तेव्हा प्रत्येक यंत्राची हार्डवेअरवरून बनलेली ओळख मायक्रोसॉफ्टकडे आपल्या नावावर नोंदवून ठेवतात. ही नोंद लॅपटॉपच्या डिस्कवर नसतेच, म्हणून फॉरमॅटने ती जात नाही. कोऱ्या विंडोजची पहिली मांडणी चालू असताना इंटरनेट जोडले की यंत्र तिकडे विचारणा करते आणि मालक कोण ते पडद्यावर येते. दुकानदाराने इंटरनेट न जोडता मांडणी पूर्ण केली होती, म्हणून सहा महिने काहीच दिसले नाही. अशी नोंद आहे का ते कळायला सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑफिस किंवा शाळेचे खाते’ पाहा, असा सल्ला काही जण देतात. अशा प्रकारे तयार केलेल्या लॅपटॉपवर ती जागा रिकामीच दिसते, तेव्हा त्यावर विसंबू नका. ही नोंद काढणे हे ती करणाऱ्या कंपनीचे काम आहे. प्रामाणिक विक्रेते कंपनीकडून नोंद काढून घेतल्यावरच माल विकतात.

पुन्हा इंटरनेट तोडून तसेच विंडोज मारता येईल, असे त्या पोराने सुचवले. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणालीही टाकता येईल म्हणाला, कारण हे कुलूप विंडोजपुरतेच आहे. पण माझे अंगठा घेण्याचे यंत्र विंडोजवरच चालते. आणि ज्या यंत्रावर कागदोपत्री दुसऱ्याचा हक्क आहे, त्यावर गावातल्या लोकांचे आधार आणि बँक पासबुक मी कोणत्या तोंडाने उघडायचे?

दुकानदाराला फोन लावला, तर त्याचे पहिले वाक्य होते, “फॉरमॅट कायले मारला?” दुसरे वाक्य होते की 3,500 रुपये द्या, अनलॉक करून देतो. म्हणजे तोच जुगाड पुन्हा करणार, आणि पुढच्या फॉरमॅटला पुन्हा कुलूप. मी नकार दिला. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक झाला. त्या कंपनीला मोबाइलवरून ईमेल लिहिला, तेव्हा सीरियल नंबर असलेले खरेदीचे बिल पाठवा, असे उत्तर आले. माझ्याकडे होती ती ‘एस्टिमेट’ असे छापलेली कच्ची पावती, तिच्यावर ‘लॅपटॉप 1 नग, 21,500’ एवढेच. पक्के बिल हवे तर 18 टक्के वेगळे लागतील, असे दुकानदार म्हणाला होता, आणि 3,870 रुपये वाचवण्यासाठी मी ते सोडले. कोणीही सोडले असते. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला जीएसटी केवळ आपल्या नफ्याच्या फरकावर भरण्याची सोय नियमात आहे, पूर्ण किमतीवर 18 टक्के मागणे ही बिल न देण्याची युक्ती असते, हे मला फार उशिरा कळले.

आता सरकारी दारांविषयी. आमच्या ठाण्यात अंमलदारांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “खरेदी कुठली?” नागपूरची म्हटल्यावर पेन खाली ठेवून ते म्हणाले, “मग नागपूरले जा.” नागपूरच्या ठाण्यात सांगण्यात आले की तुम्ही राहता तिकडे द्या, आणि हा तर दिवाणी मामला आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द आडवी येत नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलेले आहे. फसवून पैसे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालचा गुन्हा आहे, जुन्या 420 च्या जागी 1 जुलै 2024 पासून तेच लागू आहे. मोबाइलवर ही कलमे काढून दाखवली, तर साहेबांनी मोबाइलकडे पाहिले देखील नाही. “वकील हाय का तुम्ही?” एवढेच विचारले.

सायबरच्या कक्षात म्हणाले, पैसे रोख दिले ना, मग हा सायबर गुन्हा कसा? यूपीआयचे 2,000 दाखवले, तर म्हणाले, ते तुम्ही स्वखुशीने पाठवले आहेत. ओटीपी न सांगितल्याबद्दल जणू माझाच दोष. याहून वाईट म्हणजे एका ठिकाणी मलाच दरडावले गेले, की पडद्यावर कंपनीचे नाव येते म्हणजे माल चोरीचा असेल, लॅपटॉप जमा करा, तो तुमच्याकडे कसा आला ते आधी सांगा. मी तक्रारदार म्हणून गेलो होतो आणि आरोपीसारखा बाकावर बसून होतो. ज्या दुकानात असे शंभर लॅपटॉप मांडून ठेवले आहेत, तिथे कोणाला जाऊन पाहावेसे वाटले नाही, ते भर रस्त्यावर असूनही. तुम्हाला कोणी लॅपटॉप जमा करायला सांगितले, तर जप्तीचा पंचनामा आणि त्यावर सीरियल नंबर घेतल्याशिवाय तो हातातून सोडू नका.

ग्राहक तक्रारीसाठी गेलो, तिथल्या बाबूने वेगळाच शोध लावला: तुम्ही लॅपटॉप धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्पष्ट लिहिले आहे की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच तक्रार करता येते, नागपूरच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. यातले एक अक्षरही त्या टेबलावर कोणी सांगितले नाही. ते मी स्वतः वाचून काढले. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा, तो पुढे जोडता येतो. पैसे रोख देऊ नका, ही गोष्ट तर मी दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावली आहे. माझ्या तक्रारीत 19,500 रुपयांचा पुरावा म्हणून तीच कच्ची पावती आणि दुकानदाराच्या ‘अनलॉकचे 3,500’ या संदेशाचा स्क्रीनशॉट जोडला आहे.

माझी तक्रार आयोगात दाखल झाली असून तारीख पडायची आहे. दरम्यान त्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर तेच मॉडेल 20,999 ला आले आहे, ते माझ्या भाच्याने त्याच्या फोनवर दाखवले. ज्यांना तिथून किंवा कुठूनही घ्यायचेच असेल, त्यांनी पैसे देण्यापूर्वी काउंटरवरच लॅपटॉप पूर्ण रिसेट करायला लावावा आणि पहिल्या मांडणीत दुकानाच्या वाय-फायवर न जाता स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडावा. त्याला तासभर लागेल. “एवढा वेळ कोणाले हाय भाऊ” असे उत्तर आले, तर लॅपटॉप तिथेच ठेवून पुढच्या एसटीने घरी यावे.