उजवा हर्निया चिरा देऊन, डावा दुर्बिणीतून: एकाच अंगावरचे दोन अनुभव

डाव्या बाजूच्या ऑपरेशनला 11 महिने झाले, उजव्या बाजूच्याला साडेतीन वर्षं. दोन्ही पद्धती माझ्याच अंगावर झाल्यात, म्हणून सविस्तर लिहितोय. दुखणं जांघेतलं असलं की पुरुष माणूस घरातही तोंड उघडत नाही. मीही उघडलं नाही, आणि त्यात माझं फार नुकसान झालं.

मी एसटीत वाहक आहे, वय 47. 2022 मध्ये उजव्या जांघेत फुगवटा दिसायला लागला. उभं राहिलं की यायचा, आडवं झालं की आत जायचा. आमच्याकडे जुनी माणसं याला अंतर्गळ म्हणतात. तालुक्याच्या गावी ऑपरेशन झालं. मणक्यात इंजेक्शन, जांघेत चार बोटं रुंदीचा चिरा, आत कमकुवत जागेला आधार द्यायला जाळी, तिसऱ्या दिवशी घरी. हर्निया गेला तो गेला, आजतागायत परत आलेला नाही. दुखणं मात्र मागे राहिलं.

ते कसं होतं ते नीट सांगतो, कारण नुसतं ‘दुखतंय’ म्हटलं की कोणी मनावर घेत नाही. चिऱ्याखाली तळहाताएवढा भाग बधिर. अंघोळीला साबण लावताना दुसऱ्याच कुणाच्या कातडीवरून हात फिरतोय असं वाटायचं. आणि त्या बधिर भागाच्या कडेकडेने आग. पैशांची बॅग माझ्या नेमकी उजव्या जांघेवर येते. गाडी खड्ड्यात आदळली की नाण्यांचं ओझं तिथे बसायचं आणि कळ थेट वृषणापर्यंत जायची. पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला, तरी बसून उठताना चमक यायचीच. संबंधांच्या वेळी, अगदी वीर्यपतनाच्या क्षणाला, सुरी फिरल्यासारखं व्हायचं. मी टाळायला लागलो. बायकोला वाटलं माझं मन उडालं. तिला खरं कारण सांगायला मला आठ महिने लागले.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना तीनदा दाखवलं. ‘जाळी जागेवर आहे, हर्निया नाही, तुम्ही फार विचार करता.’ या वाक्याचा मला आजही राग आहे.

2024 मध्ये डाव्या बाजूलाही फुगवटा आला म्हणून पुण्याला दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी डाव्याआधी उजवी बाजू बघितली. कापसाचा बोळा आणि टाचणी घेऊन बोटभर अंतराने विचारत गेले, इथे कळतंय का, इथे जळतंय का, आणि पेनाने कातडीवर खुणा केल्या. शेवटी माझ्या जांघेवर एक नकाशाच तयार झाला. जांघेत तीन बारीक नसा असतात. चिरा देऊन ऑपरेशन करताना त्या सर्जनच्या वाटेतच येतात. एखादी ताणली, टाक्यात अडकली किंवा जाळीभोवतीच्या व्रणात सापडली तर असं दुखणं मागे लागतं. माझा नकाशा त्यातल्या एकीशी जुळत होता. त्यांनी त्या नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन दिलं. दहाएक मिनिटांत आग थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. मी टेबलावरच रडलो.

त्यांच्याकडूनच कळलं की असा मी एकटा नाही. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जांघेच्या हर्नियानंतर 100 पैकी 10 ते 12 जणांना त्रासदायक जुनाट दुखणं राहतं. रोजचं काम अडेल इतकं दुखणं 0.5 ते 6 टक्क्यांना. 3 महिन्यांपुढे टिकलं तर ते जुनाट समजतात. कमी वय, ऑपरेशनआधीच फार दुखत असणं, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत जास्त दुखणं, अशांना धोका अधिक. पहिल्या ऑपरेशनआधी मला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं.

डावी बाजू दुर्बिणीतून केली. बेंबीजवळ एक छिद्र, खाली दोन बारीक, आणि 10 बाय 15 सेंटीमीटरची जाळी स्नायूंच्या मागून. समोरच्या नसांना हात लावावा लागत नाही, म्हणून जुनाट दुखण्याचं प्रमाण या पद्धतीत कमी. दुसऱ्या दिवशी जिना चढलो, तीन आठवड्यांनी कामावर गेलो. उजव्या वेळी दोन महिने गेले होते.

पण सगळं सोपं नव्हतं. पूर्ण भूल घ्यावी लागते. खर्च जवळजवळ दुप्पट आला. पहिल्या आठवड्यात अंडकोश काळानिळा पडून सुजला. मग हर्नियाच्याच जागी पुन्हा गोळा लागला आणि माझ्या पोटात धस्स झालं. ते साठलेलं पाणी निघालं. सुई न लावता सहा आठवड्यांत आपोआप जिरलं. हे होऊ शकतं असं आधी सांगितलेलं असतं तर कितीतरी रात्री झोप लागली असती.

आज डावीकडे लांब पल्ल्याच्या ड्युटीनंतर थोडं ओढल्यासारखं होतं, बाकी काही नाही.

म्हणून चिऱ्याचं ऑपरेशन वाईट, असं मी म्हणणार नाही. माझ्या मोठ्या भावाला हृदयामुळे पूर्ण भूल चालत नव्हती. त्याचं तेवढा भाग बधिर करून चिऱ्यानेच झालं आणि त्याला काहीही त्रास नाही. जाळीच नको असणाऱ्यांसाठी टोरांटोची शोल्डाइस पद्धत आहे, पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांचीही आहे. दुर्बिणीचं काम हाताला बसायलाही बऱ्याच शस्त्रक्रिया कराव्या लागतात. त्यामुळे सर्जनला दोन गोष्टी तोंडावर विचारा: तुम्ही अशी किती केलीत, आणि चिरा देणार असाल तर तिन्ही नसा ओळखून सांभाळता का? फुगवट्याचा त्रास जवळपास नसेल तर थांबून बघू का, हेही पुरुषांनी विचारायला हरकत नाही.

उजवीकडे एकूण तीन इंजेक्शनं झाली. रात्री प्रीगॅबालिनची, म्हणजे नसांच्या दुखण्यावरची, गोळी होती. सकाळच्या ड्युटीला गुंगी यायची म्हणून डॉक्टरांनी हळूहळू कमी केली. दहापैकी सात असलेलं दुखणं आता दोनवर आलंय. बधिर भाग तसाच आहे. फरक पडला नाही तर नसा कापायचं ऑपरेशन करता येतं असं सर्जन म्हणाले. तूर्त मी नको म्हटलंय. बॅग परत उजव्या बाजूला घेतली आहे, फक्त नाणी आता दर फेरीला डेपोत जमा करतो.